गोळीचे माप आणि नळीचे माप

म्हैसूरच्या अग्रहार भागातून निघून बंगळूरच्या रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटर गेले की श्रीरंगपट्टण लागते. १७९२ च्या वेढ्यात इंग्रज आणि निजाम यांच्याबरोबर हरिपंत फडक्यांची मराठी फौज येथे होती. ४ मे १७९९ रोजी किल्ला पडला. या लढायांत दोन्ही बाजूंनी ज्या शिशाच्या गोळ्या झाडल्या गेल्या, त्या साच्यात ओतलेल्या साध्या गोल गोळ्या होत्या. प्रस्तुत पाठात आपण एकच प्रश्न पाहणार आहोत : शिशाची गोळी नळीच्या मानाने केवढी असावी? थोडी लहान, बरोबर तेवढीच, की थोडी मोठी? प्रश्न कारागिराचा वाटतो, पण त्याचे उत्तर बदलत गेले तसे इतिहासातही काही बदलले.

प्रथम माप कसे सांगत ते पाहू. 'बारा बोरची बंदूक' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. हा बारा आकडा इंच नाही आणि मिलिमीटरही नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोरची नळी. कॅलिपर हाताशी नसलेल्या काळात व्यास मोजण्यापेक्षा वजन करणे सोपे होते, म्हणून ही पद्धत पडली.

गणित करून पाहा. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम. भागाकार केला की एक पौंड शिशाचे घनफळ ४० घन सेंटिमीटर येते (आकडा इतका सरळ येतो की एकदा केला की विसरत नाही). त्याचे बारा भाग केले तर प्रत्येक गोळीला ३.३३ घन सेंटिमीटर. गोलाच्या घनफळाच्या सूत्रावरून व्यास येतो १.८५ सेंटिमीटर, म्हणजे १८.५ मिलिमीटर. बोरचा आकडा वाढला की गोळी लहान होते हेही यावरून लक्षात येईल. व्यास घनमुळाने बदलतो, म्हणून वजन अर्धे झाले तरी व्यास अर्धा होत नाही.

आता श्रीरंगपट्टणच्या काळातली इंग्रजी ठासणीची बंदूक घ्या. तिच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. गोळी मात्र सुमारे ०.६९ इंचाची, म्हणजे साडेसतरा मिलिमीटरची. दोहोंत दीड मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली. कारण उघड आहे. गोळी नळीच्या तोंडातून टाकून गजाने खाली ठासायची असते आणि काळ्या दारूचा प्रत्येक बार नळीत काजळीचा थर सोडून जातो. दहा-पंधरा बारांनंतरही गोळी खाली उतरली पाहिजे, आणि तीही समोरून शत्रू येत असताना.

या सोयीची किंमत मोजावी लागे. ०.६९ चा ०.७५ शी असलेल्या गुणोत्तराचा वर्ग केला तर ०.८५ येतो. म्हणजे नळीच्या छेदाचा पंधरा टक्के भाग मोकळा. काडतुसाचा कागद गोळीभोवती राहून थोडी फट भरून काढी, तरी पुष्कळसा वायू बाजूने निसटे आणि गोळी नळीच्या भिंतींवर टपटप आदळत बाहेर पडे. शेवटचा धक्का ज्या बाजूला लागला त्याच्या उलट दिशेला ती झुके. या बंदुकीने शंभर पावलांपलीकडे एका माणसाचा नेम धरण्यात फारसा अर्थ नव्हता. म्हणून शिपाई रांगेत उभे करून एकदम बार काढण्याची कवायत होती.

नेम हवा असेल तर गोळीला स्वतःभोवती फिरवावे लागते. त्यासाठी नळीच्या आत पेचदार खाचा पाडतात. दोन खाचांमधल्या उंच भागाला आपण कंगोरा म्हणू. कंगोऱ्यांनी गोळीला पकडले तरच ती फिरेल, आणि पकडायचे म्हणजे फट नको. पण फट नसेल तर तोंडातून ठासणार कशी? ही अडचण फार जुनी. जुन्या रायफलींत गोळी हातोडीने ठोकून आत घालावी लागे, त्यामुळे त्या शिकाऱ्याच्या हाती शोभत, पलटणीच्या नव्हे.

यातून वाट निघाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. फ्रान्समध्ये मिनिए याने १८४९ च्या सुमारास अशी लांबट गोळी तयार केली की तिचा बूड पोकळ असे. गोळी सैल असताना आत जाई, आणि बार झाला की वायूचा दाब पोकळीत शिरून मऊ शिसे फुगवी आणि खाचांत दाबून बसवी. इंग्रजांनी १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीत हेच तत्त्व प्रिचेट याच्या गोळीने आणले. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचा ०.५६८ इंच. फट फक्त ०.००९ इंच, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी. छेदाचा मोकळा भाग पंधरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आला, आणि उरलेली फटही गोळीला गुंडाळलेला कागद भरून काढी.

येथे थोडे थांबा. एवढ्या घट्ट मापाची, कागदात गुंडाळलेली गोळी काजळीने भरलेल्या नळीत सरकवायची तर वंगण लागणारच. म्हणून कागदाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेण यांचे मिश्रण लावले जाई. जुन्या बंदुकीचे काडतूसही दातांनीच फोडत असत. ते नवे नव्हते. नवे होते ते वंगण, आणि ते मापातून आले होते. मंगल पांडे, बराकपूर, २९ मार्च १८५७ हे सर्व शाळेत शिकवले जाते. चरबी कोणाची यावर पाने भरतात. चरबी मुळात का लागली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. उठावाची कारणे अनेक होती आणि ती सगळी काडतुसावर ढकलणे बरोबर नाही. पण ती चरबी कोणत्या जनावराची असावी याची विशेष काळजी घेतली गेली नव्हती आणि शिपायांचा संशय निराधार नव्हता. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये ही काडतुसांची हकीकत मराठी वाचकाला भेटते. दमदम, अंबाला आणि सियालकोट येथे ज्या रायफलीचे शिक्षण सुरू झाले होते, तिच्या पाव मिलिमीटरच्या फटीत ही गोष्ट अडकली होती.

तांत्रिक बाजूनेही ते माप हिंदुस्थानात टिकले नाही. उष्ण हवेत वंगण वितळून कागदात जिरे, काजळी कोरडी होई आणि गोळी अर्ध्यावर अडके. पुढे गोळी ०.५५० इंचांपर्यंत लहान केली, फुगण्यास मदत म्हणून बुडाशी लाकडाची गुडदी बसवली आणि वंगणात मधमाशीच्या मेणाचे प्रमाण वाढवले.

आता स्वयंभरण पिस्तुलाकडे येऊ, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप चढवणाऱ्या पिस्तुलाकडे. यात काडतूस मागून भरले जाते. गोळीला नळीच्या तोंडातून शिरायचेच नाही, त्यामुळे फटीची गरजच संपली आणि नियम उलटा झाला. गोळी आता खाचांच्या तळाशी मोजलेल्या व्यासाएवढी किंवा त्याहून किंचित मोठी हवी. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या नळीत कंगोऱ्यांवरचा व्यास ८.८२ आणि खाचांतला ९.०२ मिलिमीटर धरतात. 'नऊ' हे नुसते नाव आहे. ओतीव शिशाची गोळी साधारण ९.०४ च्या आसपास ठेवली जाते. दोन शतांश मिलिमीटर!

यापेक्षा लहान गोळी गेली तर तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, शिसे वितळवत-खरवडत नेतो आणि ते नळीला चिकटते. मोठी असेल तर काडतूस घरात पूर्ण बसत नाही. हाताने उघडझाप करण्याच्या बंदुकीत थोडा जोर लावून चालून जाईल. स्वयंभरण पिस्तुलात पुढचे काडतूस स्प्रिंगच्या जोरानेच चढायचे असते, तेथे ते अडकते.

साच्यातून निघालेली गोळी या मापाची का नसते? कारण थिजताना धातू आकसतो, आणि किती आकसेल हे मिश्रणावर ठरते. अँटिमनी मिसळलेले शिसे शुद्ध शिशापेक्षा कमी आकसते, म्हणून एकाच साच्यातून दोन मिश्रणांच्या गोळ्या दोन मापांच्या निघतात. शिवाय साच्याचे दोन अर्ध जेथे मिळतात तेथे गोळी थोडी लंबगोल असते. म्हणून ती किंचित मोठी ओततात आणि अचूक व्यासाच्या पोलादी कड्यातून दाबून काढतात. या क्रियेने मोठी गोळी लहान होते. लहान ओतलेली मोठी होत नाही, ती पुन्हा वितळवावी लागते. मोजायला ०.०२ मिलिमीटर दाखवणारा व्हर्नियर पुरत नाही, कारण आपल्याला हवा असलेला फरकच तेवढा आहे. मायक्रोमीटर लागतो, आणि काटकोनात दोनदा मोजावे लागते. गोळीच्या खाचेत जे वंगण भरतात त्यात आजही मधमाशीचे मेण असते.

काही देशांत हौशी नेमबाज हे घरी करतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. गावठी कट्ट्याबरोबर काडतुसांच्या ज्या बातम्या येतात त्या याच कायद्याखालच्या. आपल्या देशात हे काम खडकीसारख्या कारखान्यांत होते. तेथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तेव्हा हा पाठ कागदावर आणि मायक्रोमीटरवर करायचा आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते म्हणून सोपे वाटते, पण त्याची धूळ आणि धूर शरीरात साठत जातात आणि लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत आधी बाधतात.

स्वाध्याय : (१) सोळा बोरच्या गोळीचा व्यास काढा. (उत्तर : १६.८ मिलिमीटर.) (२) ०.५५० इंचाची गोळी ०.५७७ इंचाच्या नळीत असताना छेदाचा किती टक्के भाग मोकळा राहतो? ०.५६८ इंचाच्या गोळीशी तुलना करा आणि बुडाशी गुडदी का लागली असेल ते लिहा.