कुंपणच शेत खातं तेव्हा...

दोस्तांनो, सरांची नक्कल कधी केलीय? सापडलात तर काय होतं? बोलणी बसतात, फार तर घरी चिठ्ठी जाते. पण २००७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका शाळकरी मुलीला अशाच चेष्टेपायी तीन महिन्यांची शिक्षा झाली! तिने इंटरनेटवर उपप्राचार्यांची थट्टा करणारं पान तयार केलं होतं. ही गंमत आहे, असं त्यावर लिहिलंही होतं. न्यायालयात तिच्या बाजूने वकील नव्हता. सुनावणी दोन मिनिटंही चालली नाही. आईवडील बघतच राहिले आणि तिला बेड्या घालून नेलं.

हे घडलं लुझर्न काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखाच भाग. तिथे मुलांचे खटले चालवायचे मार्क सिव्हरेला. फार कडक न्यायाधीश! शाळाशाळांत जाऊन ते मुलांना दम भरत. लोकांना वाटे, वा, काय शिस्तीचा माणूस!

आता पडद्यामागची गोष्ट ऐका. काउंटीचं स्वतःचं, सरकारी बालसुधारगृह होतं. २००२ च्या अखेरीस मुख्य न्यायाधीश मायकेल कोनाहन यांनी त्याचा निधीच बंद केला. मग मुलं ठेवायची कुठे? तर एका कंपनीच्या नव्या खासगी केंद्रात. पैसे अर्थातच सरकारी तिजोरीतून! हे केंद्र बांधणारा कंत्राटदार आणि त्याचा एक मालक यांच्याकडून दोन्ही न्यायाधीशांना मिळून सुमारे २८ लाख डॉलर मिळाले. ते त्यांनी लपवून ठेवले.

यातली मेख लक्षात आली का? सरकारी सुधारगृह रिकामं राहिलं तर सगळ्यांना आनंदच. पण खासगी केंद्र रिकामं राहिलं तर मालकाचा तोटा! आणि मुलाला तिथे पाठवायचं की घरी, हे ठरवणाऱ्याच्याच खिशात त्या मालकाचे पैसे.

तुम्ही म्हणाल, मग वकील काय करत होते? खरं तर मुलांनाही वकील मिळालाच पाहिजे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच दिला होता. पण इथे 'वकील नको' अशा कागदावर मुलांच्या सह्या घेतल्या जात. सिव्हरेलांसमोर आलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना वकीलच नव्हता. न्यायालयात सरकारी वकील बसलेले असत, इतर अधिकारी असत. रोज हे बघत, पण बोलत कोणी नसे.

बोलली ती त्या मुलीची आई. तिने फिलाडेल्फियातल्या 'जुव्हेनाइल लॉ सेंटर' या संस्थेला फोन केला. संस्थेच्या वकिलांनी मुलीला सोडवलं, मग बाकीच्या मुलांचीही प्रकरणं बाहेर काढली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज जानेवारी २००९ मध्ये आधी फेटाळला, बरं का! त्याच महिन्यात दोन्ही न्यायाधीशांवर आरोप ठेवले गेले, तेव्हा न्यायालयाने पुन्हा लक्ष घातलं आणि वर्षअखेरपर्यंत दोन हजारांहून जास्त मुलांवरचे निकाल रद्द केले.

पैशांसाठी मुलांना डांबलं नाही, असंच सिव्हरेला म्हणत राहिले. २०११ मध्ये त्यांना २८ वर्षांची आणि कोनाहन यांना साडेसतरा वर्षांची कैद झाली. कोनाहन यांची शिक्षा डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी कमी केली, तेव्हा लुझर्नमधली अनेक कुटुंबं संतापली. २०१२ मध्ये राज्याने कायदाही बदलला: मुलाला वकील देताना घरची ऐपत बघायची नाही.

निकाल पुसले गेले, पण कोठडीत गेलेले शाळेचे दिवस कोण परत देणार? म्हणून एखादी सरकारी सोय बंद करून ते काम कंपनीकडे जातंय, असं वाचलंत की दोन प्रश्न जरूर विचारा. यात फायदा कुणाचा? आणि निर्णय घेणारा त्या फायद्यात वाटेकरी तर नाही ना?