भीमगीतातला कोरस

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडून मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला, आणि त्याच्या वर्धापनदिनी छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ गेटसमोर पुस्तकांच्या दुकानांबरोबर भीमगीतांचे, म्हणजे बाबासाहेबांचे कार्य व विचार सांगणाऱ्या गाण्यांचेही मंच लागतात. पेटी, ढोलकी आणि माइक यांची जुळवाजुळव लवकर आटोपते. नजर खिळते ती कोरसवर, म्हणजे मुख्य गायकामागे ध्रुवपद उचलणाऱ्या साथीदारांवर. अंतऱ्याचा शेवटचा शब्द गायकाच्या तोंडून पुरता सुटण्याआधीच कोरस ध्रुवपद झेलतो, तेवढ्यात गायक दम घेतो आणि दोन-तीन आवर्तनांत समोरची गर्दीही तीच ओळ म्हणू लागते.

ही रीत आंबेडकरी जलशातून आली. तमाशाच्या धाटणीच्या या प्रबोधनपर लोकनाट्याने गण-गवळणीतील देवदेवतांना रजा देऊन जातिव्यवस्थेवरील टीका मंचावर आणली. 1930च्या दशकात नाशिककडील भीमराव कर्डक यांच्या जलशाचा बोलबाला होता, आणि आपल्या दहा सभांची बरोबरी कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, असे सांगितले जाते. बाबासाहेबांनी अनुयायांसह 1956मध्ये केलेल्या बौद्ध धर्मांतरानंतर जलसे ओसरले, त्यांच्या जागी गायन पार्ट्या आल्या आणि वामनदादा कर्डकांची (1922–2004) गाणी वस्त्यावस्त्यांत पोहोचली. नाट्य गळाले तरी कोरस टिकला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळाने 1978मध्ये केल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि पुढील सोळा वर्षांच्या लढ्यात या गाण्यांनी माणसे धरून ठेवली.

रूट्स रेगे, म्हणजे गुलामगिरीची स्मृती आणि रास्ताफारी श्रद्धा गाणारे जमैकाचे संगीत, हेही भीमगीतासारखेच समूहाचे गाणे होय. किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत 1963मध्ये जमलेल्या वेलर्स गटात बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर यांचे आवाज एकमेकांवर तोललेले होते; टॉश व बनी बाहेर पडल्यावर मात्र गटाच्या नावाआधी एकट्या मार्लीचे नाव लागले. भीमगीतांच्या बाबतीत कवी आणि गायक यांची नावे तरी उरतात, कोरसची तीही उरत नाहीत. एका जलशाला दहा सभांचे बळ एकट्या गळ्याने येत नसते. म्हणून कार्यक्रमपत्रिकेवर आणि ध्वनिफितीवर कोरसमधील प्रत्येकाचे नाव छापण्याचा नियम आयोजकांनी आता करावा.