चारकोपची राणी

कांदिवलीला चारकोपमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर. तिथे राणी आली, तेव्हा गाडीखाली सापडून तिचे मागचे दोन्ही पाय लुळे पडलेले. प्राण्यांच्या निवाऱ्यात अशांना जागा मिळते, घर मिळत नाही. येणारे गोंडस पिल्लू निवडतात!

तपासायला तिला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. हे १८८३ सालचं बाई साकरबाई रुग्णालय.

मैत्रिणींनो, लोक विचारतात, "तिला उचलून उचलून थकत नाही का हो?" उचलण्याचं काही नाही, खरं काम लघवीचं! अशा कुत्र्यांना बहुतेकदा ती आपणहून नीट होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोट हलकेच दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं, नाहीतर जंतुसंसर्ग ठरलेला. हे डॉक्टरांसमोर बसूनच शिकायचं. एकाच कुशीवर पडून जखमा होतात, म्हणून खाली जुन्या गोधड्या आणि दर थोड्या वेळाने कूस बदलणं. चाकांची गाडी मिळते, पण ती थोडा वेळच बांधायची.

सोसायटीत कुरबुर झालीच. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये कळवलेलं आहे. तो कागद सेक्रेटरींना दिला आणि जिना मीच पुसू लागले. कागदापेक्षा फिनेल जास्त उपयोगी पडलं!

दुपारी घरी कुणी नसेल, तर मात्र राणीसारखी कुत्री घेऊ नका. तीन पायांचं किंवा आंधळं घ्या. आंधळ्यासाठी खाट-कपाट जागचं हलवायचं नाही आणि जेवणाची थाळी रोज त्याच कोपऱ्यात ठेवायची. ते आठवडाभरात घर ओळखू लागतं.