कापसाचा पांढरेपणा कसा मोजतात?

कापसाची गाडी मंडीत उभी राहिली की व्यापारी मूठभर कापूस उपसतो, उजेडाकडे धरतो आणि क्षणात भाव बोलतो. त्या एका नजरेवर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल ठरते. जाणत्याची नजर सहसा चुकत नाही. तथापि सकाळचे ऊन, ढगाळ दुपार किंवा शेजारी पडलेला अधिक शुभ्र ढीग यांमुळे तोच कापूस निराळा भासतो, हे कोणीही मान्य करील. म्हणूनच पूर्वीच्या परीक्षागृहांत उत्तरेकडून येणारा उजेड पसंत केला जाई. दिवसभरात तो फारसा पालटत नाही.

नजरेचा हा निवाडा आकड्यांत मांडण्यासाठी अमेरिकेत डोरोथी निकरसन आणि रिचर्ड हंटर यांनी गेल्या शतकाच्या मध्यास एक रंगमापक यंत्र तयार केले. आज गिरण्यांत व प्रयोगशाळांत वापरले जाणारे ‘एचव्हीआय’ यंत्र रंगाची परीक्षा त्याच तत्त्वावर करते. सरकी काढलेल्या रुईचा नमुना काचेच्या झरोक्यावर दाबून ठेवतात. त्यावर ४५ अंशांच्या तिरप्या कोनातून दिव्याचा प्रकाश पडतो आणि समोर सरळ परतणारा प्रकाश तेवढा मोजला जातो. दिवा तिरपा ठेवण्याचे कारण साधे आहे. पाण्यावर ऊन चमकते तशी पृष्ठभागाची चकाकी दुसऱ्या बाजूस निघून जाते आणि तंतूंमध्ये शिरून विखुरलेला प्रकाशच मोजमापात येतो. वस्तूचा खरा रंग या विखुरलेल्या प्रकाशात असतो.

यातून दोन आकडे हाती येतात. पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा किती भाग परत आला, हा पहिला. मळकट, करडी रुई प्रकाश गिळते, म्हणून तिचा आकडा उतरतो. दुसरा आकडा पिवळेपणाचा. पिवळसर तंतू निळा प्रकाश अधिक शोषतात. तेव्हा परतलेल्या प्रकाशात निळ्याची तूट किती, यावरून पिवळेपणा कळतो. यंत्र स्वतः भरकटू नये म्हणून ठराविक रंगाच्या फरश्यांशी ते वरचेवर ताडून पाहावे लागते.

गिरणीमालकाला या आकड्यांची एवढी चिंता का? भिन्न रंगांच्या रुईचे सूत एकाच कापडात आले तर रंगविल्यावर पट्टे उमटतात आणि ठाण कमी प्रतीचे ठरते.

मंडीत गाडीपाशी असे यंत्र नसते आणि तेथे विक्रीस येतो तो सरकीसकट कापूस. परंतु यंत्र जे पुढे दाखविणार, त्याचा पुष्कळसा भाग शेतातच ठरलेला असतो. उमललेल्या बोंडावर पाऊस पडला की बुरशीमुळे तंतू करडे होतात. किडके बोंड डाग सोडते. ओला कापूस घरात दाबून ठेवला तर तो तापून पिवळा पडतो. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात आणि १२ टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा माल घेत नाहीत, त्यामागे वजनाप्रमाणेच प्रतीचाही विचार आहे. पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस शेवटच्या कवडीयुक्त कापसात मिसळला तर चांगल्याचा भावही हातचा जातो. हे मात्र आपल्या मंडळींना सांगूनही अनेकदा पटत नाही!

यंत्रालाही मर्यादा आहेत. शुभ्र रुई बळकट असेलच असे नाही. लांबी, ताकद व तलमपणा यांची परीक्षा वेगळी करावी लागते. शिवाय एक दोष परावर्तित प्रकाशातही लपून राहतो. खताच्या पांढऱ्या प्लास्टिक गोणीत कापूस भरला की तिचे बारीक धागे त्यात मिसळतात. पांढऱ्यात पांढरे मिसळल्यामुळे ते ना व्यापाऱ्याला दिसतात, ना रंगमापकाला. कापड रंगविले की कापूस रंग धरतो, प्लास्टिक धरत नाही, आणि निळ्या ठाणावर पांढऱ्या रेघा उमटतात. वेचणीच्या वेळी कमरेला सुती कापडाची झोळी बांधल्यास ही अडचण मुळातच उद्भवत नाही.