निइहाऊ : एका खासगी बेटाची भूमी आणि बोली

हवाई द्वीपमालेत काउआई बेटाच्या नैर्ऋत्येस सुमारे २७ किलोमीटर अंतरावर निइहाऊ हे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८० चौरस किलोमीटर असून पानीआऊ हे सर्वोच्च स्थान केवळ ३९० मीटर उंच आहे. ही अल्प उंची बेटाच्या इतिहासात निर्णायक ठरली. ईशान्येचे व्यापारी वारे आपले बहुतेक पाणी काउआईच्या डोंगरांवर सांडतात आणि निइहाऊच्या वाट्यास पर्जन्यछाया येते. तेथे बारमाही ओढा नाही. हालालिई हे विस्तीर्ण सरोवरही अवर्षणात चिखलाचे मैदान बनते.

१८४८ च्या भूमिवाटपाने हवाईत खासगी जमीनमालकीची वाट मोकळी झाली. १८६४ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या एलिझाबेथ सिंक्लेअर या स्कॉटिश विधवेने पाचव्या कामेहामेहाकडून हे बेट १०,००० डॉलरांस विकत घेतले. खरेदीत भूमीबरोबर तेथील रहिवाशांचे भवितव्यही मालकाच्या इच्छेशी बांधले गेले, आणि अनेकांनी बेट सोडले. उरलेल्यांची उपजीविका गुराढोरांच्या व मेंढ्यांच्या कुरणावर चालू राहिली. आजही बेट तिच्या वंशजांच्या, म्हणजे रॉबिन्सन घराण्याच्या मालकीचे असून निमंत्रणावाचून तेथे प्रवेश नाही.

भाषाभ्यासकास या बेटाचे महत्त्व वाटते ते निराळ्या कारणाने. हवाईयन भाषेत 'त' व 'क' यांत अर्थभेद नव्हता. 'र' व 'ल' यांचेही तसेच. कॅप्टन कुकने १७७८ मध्ये 'काउआई' हे नाव 'त'सदृश ध्वनीनेच टिपले आहे. मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये लेखनासाठी 'क' व 'ल' निश्चित केले, आणि पुढे लिखित रूपालाच शुद्धतेची प्रतिष्ठा लाभली. निइहाऊच्या बोलीत मात्र 'त' आणि 'र' टिकून राहिले. तिला भ्रष्ट उच्चार म्हणणे म्हणजे लिपीला भाषेची जननी मानणे होय. मराठीच्या बोलींसंबंधीही असे निवाडे दिले गेले आहेत.

१८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले व अन्य बेटांवर हवाईयन मागे पडली. निइहाऊवर ती घराची, प्रार्थनेची आणि कामाची भाषा राहिली. याचे श्रेय पुष्कळदा मालकांच्या अलिप्ततेच्या धोरणास दिले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे : भाषा बोलणारे टिकले ते कुरणातील रोजगारामुळे. १९९९ मध्ये ते कुरण बंद पडले, तेव्हा प्रवेशबंदी तशीच असूनही माणसे बाहेर पडू लागली. जनगणनेत २०१० मध्ये १७० रहिवासी नोंदले गेले, २०२० मध्ये ८४. काउआईच्या पश्चिम किनाऱ्यावर केकाहा परिसरात स्थिरावलेल्या कुटुंबांत ही बोली बोलली जाते. तिचा पुढील अभ्यास बेटाइतकाच त्या किनाऱ्यावरही करावा लागेल.