बंदूक-कारागिराचा व्हाइस : घेताना काय पाहाल?

बंदुकीचे ब्लूइंग केलेले पोलाद आणि अक्रोडाचा दस्ता, दोन्हींवर चटकन ओरखडे उठतात. म्हणून बेंच व्हाइसची पकड घट्ट हवी, तशीच नेमकीही.

● माप : जबड्याच्या रुंदीवरून ठरते. या कामाला 100 ते 125 मिमी पुरेसे.

● धातू : साध्या बिडाचा व्हाइस जोरदार घावाने तडकू शकतो. डक्टाइल आयर्न किंवा घडीव पोलादाचा अधिक टिकतो.

● समांतर जबडे : जबड्यांच्या दोन्ही टोकांना कागदाची एकेक पट्टी ठेवून व्हाइस हलकेच आवळा. एक पट्टी घट्ट राहिली आणि दुसरी सहज निसटली, तर तो नग घेऊ नका.

● आवरण : दातेरी जबड्यांवर तांबे, ॲल्युमिनियम किंवा चामड्याचे आवरण बसवा. गोल नळीसाठी इंग्रजी ‘व्ही’ आकाराची खाच असलेले लाकडी ठोकळे वापरा.

● उंची : जबड्यांची वरची कड उभ्या कारागिराच्या कोपराच्या पातळीत हवी.

● कायदा : भारतात शस्त्र अधिनियम, 1959 नुसार बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना बंधनकारक आहे.