पाण्यावरून काढलेला मेंदूचा नकाशा

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये १/एएफ, बिधाननगर या एकाच पत्त्यावर भौतिकशास्त्राच्या दोन मोठ्या संस्था शेजारी नांदतात: साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्स आणि व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर. अणुकेंद्रकाचा अभ्यास करणाऱ्यांच्या या आवारात मेंदूचा विषय कुठून आला, असं कुणी विचारलं तर उत्तर १९५४ सालच्या एका शोधनिबंधात सापडतं. साहा इन्स्टिट्यूटमधल्या टी. पी. दास आणि ए. के. साहा यांनी त्या वर्षी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात हान यांच्या ‘स्पिन एको’ प्रयोगाची गणिती मांडणी प्रसिद्ध केली. तेव्हा सॉल्ट लेक नावाची वसाहतच नव्हती, होती ती खारी दलदल. मेघनाद साहांनी उभारलेली आणि जानेवारी १९५० मध्ये इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते उद्घाटन झालेली ही संस्था जुन्या कोलकात्यात होती. १९५७ मध्ये याच दोघांचं या विषयावरचं पुस्तकही संस्थेने काढलं. मेंदूचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नसणार.

एर्विन हान यांचा मूळ प्रयोग १९५०चा. पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक चिमुकलं चुंबक. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ही चुंबकं एका दिशेला कलतात. रेडिओलहरींचा एक झटका दिला की ती एका तालात फिरू लागतात, पण क्षणात ताल सुटतो. दुसरा झटका दिला की काही काळाने ती पुन्हा तालावर येतात आणि एक क्षीण संदेश परत मिळतो. तो संदेश म्हणजे एको, अर्थात प्रतिध्वनी. हान यांच्या लक्षात आलं की चुंबकीय क्षेत्र एकसारखं नसेल आणि रेणू मधल्या वेळात जागा सोडून सरकले असतील, तर हा प्रतिध्वनी आणखी क्षीण होतो. म्हणजे तो किती क्षीण झाला ते मोजलं की रेणू किती सरकले हे कळतं. मेंदूतल्या तंतूंच्या जोडण्यांचं चित्रण या एका निरीक्षणावर उभं आहे. स्टेस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये क्षेत्राला मुद्दाम चढउतार देऊन ही मोजणी नेमकी केली. फ्रान्समधल्या डेनिस ल बिहान यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती माणसाच्या मेंदूपर्यंत आणली.

मेंदूच्या पांढऱ्या भागात चेतापेशींचे लांब तंतू जुडग्यांनी धावतात. त्यांतलं पाणी तंतूच्या लांबीने सहज सरकतं, पण आडवं जाताना पेशीपटल आणि मायलिनचं आवरण त्याला अडवतं. पाणी कुठल्या दिशेला मोकळं आहे हे कळलं की तंतूची दिशा कळते. पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यासाठी टेन्सरचं गणित वापरलं. मेंदूच्या प्रत्येक छोट्या घनात सहा आकडे मिळाले की त्या जागी पाण्याचा कल कुठे आहे ते ठरवता येतं. मग संगणक एका घनातून शेजारच्या घनात कल जुळवत जातो आणि रेषा काढतो. डावं-उजवं लाल, पुढचं-मागचं हिरवं, वरचं-खालचं निळं, असा रंगांचा रिवाज आहे. चित्रं इतकी देखणी येतात की दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर शोभावीत, आणि माझी तक्रार नेमकी इथूनच सुरू होते.

त्या चित्रात एकही चेतातंतू दिसत नाही. घनाची बाजू साधारण दोन मिलिमीटर असते आणि तंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एका घनात लाखो तंतू मावतात, आणि त्यांतले पुष्कळ एकमेकांना छेदून जातात. संदेश इकडून तिकडे जातो की तिकडून इकडे येतो, हेही पाणी सांगू शकत नाही. २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक परीक्षा छापून आली. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा कृत्रिम मेंदू २० संशोधक गटांना दिला होता. खरी जुडगी बहुतेकांना कमीअधिक सापडली, पण त्यांच्याबरोबर खऱ्यांपेक्षा किती तरी जास्त खोटी जुडगीही निघाली. म्हणून ‘शास्त्रज्ञांनी मेंदूचं वायरिंग टिपलं’ अशी बातमी वाचली की आधी विचारावं: किती गाळणी लावून?

जोडण्या शोधण्याची दुसरी पद्धत रक्ताची. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथलं प्राणवायूयुक्त रक्त वाढतं, आणि त्याने एमआरआयचा संदेश बदलतो. सेइजी ओगावा यांनी हे १९९० मध्ये दाखवलं. १९९५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये विद्यार्थी असलेल्या भरत बिस्वाल यांनी लोकांना काहीही न करता पडून राहायला सांगितलं. हात हलवणारे डावे-उजवे भाग मेंदूत बरेच दूर आहेत, तरी त्यांतल्या मंद लहरी एकत्र वरखाली होताना दिसल्या. ही श्वासाची किंवा नाडीची गडबड असावी, अशी शंका तेव्हा अनेकांनी घेतली. २०१० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने ३५ केंद्रांतल्या १,४१४ लोकांच्या चित्रणांची जुळणी प्रसिद्ध झाली, तेव्हा हीच पद्धत प्रस्थापित झालेली होती.

या दोन नकाशांतला फरक सॉल्ट लेकवरूनच समजून घेता येतो. युगोस्लाव्ह वास्तुविशारद दोब्रिव्होये तोश्कोविच यांनी हुगळीच्या गाळाने भरून काढलेल्या जमिनीवर ही वसाहत आखली. रस्ते आणि ब्लॉक सगळे कागदावर आहेत. पण शेजारच्या उल्टाडांगाहून रोज सकाळी वसाहतीतल्या सेक्टर फाइव्हकडे कोण जातं, हे त्या कागदावरून कळणार नाही. उलट दोन वस्त्यांची गर्दी एकाच वेळी वाढते म्हणून त्यांच्यामध्ये थेट रस्ता असेलच असं नाही. दोन्हीकडे जाणारी माणसं तिसऱ्याच ठिकाणाहून निघालेली असू शकतात. पाण्याचा नकाशा रस्त्यांचा, रक्ताचा नकाशा गर्दीचा, आणि दोन्ही अनुमानानेच काढलेले.

खरोखर तारेगणिक मोजायचं तर काय करावं लागतं, याची कल्पना २०२४ च्या हार्वर्ड-गूगलच्या कामातून येते. माणसाच्या मेंदूचा जेमतेम एक घन मिलिमीटर तुकडा. त्यात सुमारे ५७ हजार पेशी, १५ कोटी जोडण्या आणि १.४ पेटाबाइट माहिती. संपूर्ण मेंदूत ८६ अब्ज चेतापेशी आहेत. जिवंत माणसाच्या बाबतीत अनुमानावाचून गत्यंतर नाही.

आणि अनुमानाला मापपट्टी लागते. जगभर मेंदूची चित्रं ज्या सामाईक साच्यावर बसवतात, तो माँट्रियलमध्ये १५२ लोकांवरून तयार झाला. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांवरून वेगळा साचा केला, तेव्हा आपल्या मेंदूचा सरासरी आकार पाश्चात्त्यांपेक्षा लहान निघाला. (बुद्धीशी याचा संबंध जोडू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर तो जोडला गेला असणार, यात मला शंका नाही.) परक्या साच्यावर आपला मेंदू ताणून बसवला तर आकुंचन मोजताना चूक होऊ शकते, आणि स्मृतिभ्रंशाच्या निदानात मोजायचं असतं ते आकुंचनच.

आता पुन्हा सॉल्ट लेक. १.५ टेस्ला चुंबकीय ताकदीचं देशी एमआरआय यंत्र बनवण्याच्या सरकारी प्रकल्पाचं नेतृत्व मुंबईत पवईच्या आयआयटी आवारातल्या समीर या संस्थेकडे आहे. दिल्लीचं आययूएसी, तिरुवनंतपुरमचं सी-डॅक आणि कोलकात्याचं सी-डॅक हे त्यात भागीदार आहेत. कोलकात्याचं सी-डॅक सेक्टर फाइव्हमध्येच आहे.  मार्च २०२५ मध्ये यंत्राच्या चाचण्यांसाठी दिल्लीच्या एम्सशी करार झाला.

१.५ टेस्लावर अमेरिकेतल्या ह्यूमन कनेक्टोम या मेंदूतल्या जोडण्यांच्या प्रकल्पासारखं काम होणार नाही. त्यांनी सुमारे १,२०० तरुणांसाठी ३ टेस्लाचं खास यंत्र घडवून घेतलं होतं. पण मेंदूतल्या गाठीजवळून हातापायांच्या हालचालीचं जुडगं कुठून जातं, एवढं शस्त्रक्रियेपूर्वी सांगायला १.५ टेस्ला पुरतं. शल्यविशारद त्या रेषेवर आंधळा विश्वास ठेवत नाहीत. कवटी उघडल्यावर मेंदू काही मिलिमीटर सरकतो, म्हणून जुडगं जवळ आलं असं वाटलं की ते विजेचा सौम्य धक्का देऊन बोट हलतं का ते पाहतात.